छत्रीवाल्या गोष्टीचा शेवट

बाळांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आज काय केलं?" मी म्हणाले, "काही नाही." मग तुम्ही पोहण्याच्या स्पर्धेचं सांगितलंत आणि आपण फोन ठेवला. खरं तर त्या दिवशी मी सकाळभर घराबाहेर होते आणि काहीतरी झालंही होतं. पण ते सांगायला आधी इतकं मागचं सांगावं लागलं असतं, की काही नाही म्हणून मी मोकळी झाले. आता आठवडा होईल. हल्ली माझ्या डोक्यातून गोष्टी निसटतात, आणि ही निसटून चालणार नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला स्वतःला वाचता आलं असतं. माझं इंग्रजी चांगलं आहे. नागपूरला मिशनच्या शाळेत शिकले, पुढे बी.ए.ही इंग्रजी घेऊनच केलं. पण ज्या गोष्टीबद्दल सांगायचं आहे ती मी एकदा इंग्रजीतून मराठीत आणलेली आहे. पुन्हा उलटी न्यावी असं वाटत नाही. बाबा तुम्हाला वाचून दाखवेल. तो अडखळेल. अडखळू द्या.

तुमची मोठी आजी तुम्हाला आठवत असेल. आजोबांच्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे माझी मोठी जाऊ. तुम्ही आलात की तुमच्या खिशात चिंचेच्या गोळ्या कोंबायची ती. मागच्या हिवाळ्यात ती गेली हे तुम्हाला माहीत आहे. मी तिला जाऊबाई म्हणत असे आणि अहो-जाहो करत असे, तेव्हा इथेही तसंच लिहिते.

लग्न होऊन मी रायपूरला आले तेव्हा आम्ही सगळे तात्यापाऱ्यात राहत होतो. खाली कापडाचं दुकान, वर आमच्या भाड्याच्या खोल्या. जाऊबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. मराठी वाचायच्या, पण बोट ठेवून, आणि त्यांना त्याचा कंटाळा यायचा. मी मात्र माहेरून वाचायची सवय घेऊनच आले होते. चौकाजवळ एक लायब्ररी होती, म्हणजे एका खोलीत तीन भिंतींना फळ्या आणि दारात मालक. तिथे इंग्रजी प्रेमकथांची पातळ पुस्तकं भाड्यानं मिळायची. सगळ्यांची मुखपृष्ठं सारखी, नावंही जवळजवळ सारखी. घरी आणल्यावर कळायचं की हे तर वाचलेलं आहे. म्हणून आम्ही नेहमीच्या वाचक बायका पुस्तकात आपापली खूण करत असू. कुणी ठरावीक पानाच्या आकड्याभोवती गोल काढायची, कुणी टिंब द्यायची. माझी खूण म्हणजे मागच्या कव्हरच्या आत, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं एक बारीक फुली. पुस्तक हातात घेतलं की आधी मागचा कोपरा पाहायचा. ही सवय माझी अजून गेली नाही. परवा बँकेचं पासबुकसुद्धा मी मागून उघडलं.

पुस्तकं इतक्या हातांतून गेलेली असायची की पुष्कळांची शेवटची पानं गळालेली असत. मालकाला सांगितलं तर तो म्हणायचा, "भाभीजी, आखिरी पन्ने में क्या होता है, सबको मालूम है."

दुपारी सासूबाई झोपल्या की जाऊबाई आणि मी मागच्या खोलीत बसायचो. त्यांच्यासमोर सूप, माझ्या मांडीवर पुस्तक. त्या डाळ निवडायच्या आणि मी हळू आवाजात गोष्ट सांगायची. वाचायचं इंग्रजीत आणि सांगायचं मराठीत. पुस्तकातल्या लॉर्डचा मी मालगुजार करायची, गव्हर्नेसची मास्तरीण. समुद्र जाऊबाईंनी पाहिला नव्हता. खारून नदीला पूर आल्यावर पलीकडचा काठ दिसत नाही तसं, असं मी सांगितलं की त्या मान हलवायच्या. चुंबनं वगैरे आली की मी, "मग ते दोघं बोलत बसले," असं म्हणून पान उलटायची.

"लय बोलतात व हे लोकं," जाऊबाई डाळीतून डोकं वर न काढता म्हणायच्या. मी दुसरं पान उलटलं की, "झालं का बोलून त्याईचं?"

मला वाटायचं, यांना काही कळत नाही.

हे कितीतरी वर्षं चाललं. मग सासूबाई गेल्या, घरं वेगळी झाली. आम्ही समता कॉलनीत आलो. जाऊबाई आणि भासरे, म्हणजे तुमचे मोठे आजोबा, गुढियारीत रेल्वे लाइनजवळ घर घेऊन राहिले. भासऱ्यांची नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात होती, त्यांना रुळांच्या आवाजाशिवाय झोप येत नसे असं जाऊबाई म्हणत. दुपारच्या गोष्टी बंद पडल्या. भेटी सणासुदीला, आणि तेव्हा घर माणसांनी भरलेलं. भासरे गेल्यावर जाऊबाई आपल्या गल्लीतल्या बायकांच्या साक्षरता वर्गात जाऊन बसायला लागल्या. मला वाटलं शिकायला जातात. त्या म्हणाल्या, "शिकाले कायची, टाइमपास कराले."

मागच्या हिवाळ्यात त्यांना दवाखान्यात ठेवलं. मी दुपारी त्यांच्याजवळ बसत असे. नाकात नळी होती, बोलायला त्रास व्हायचा. एका दुपारी त्या म्हणाल्या, "मले ते छत्रीवाली सांग ना."

"कोणती छत्रीवाली?"

"ते छत्रीवाली व. तुलेच तं माहीत हाय."

मला आठवेना. मी दुसरी एक सांगायला घेतली, मालगुजार आणि आंधळ्या बहिणीची. त्यांनी हात हलवला. "हे नाही. छत्रीवाली."

मी म्हणाले, उद्या सांगते. घरी येऊन कपाट उघडलं. लायब्ररी बंद झाली तेव्हा मालकानं पुस्तकं वाटेल त्या भावात काढली होती, त्यातली बरीच मी घेतली होती. ती मी ओळीनं, कव्हर घालून लावलेली आहेत, तुम्ही पाहिली आहेत. एकेक चाळत गेले. कुठेच छत्री नव्हती. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले तर जाऊबाईंना आतल्या खोलीत हलवलं होतं आणि तिथे बोलणं असं काही नव्हतं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

त्यानंतर मी सगळं व्यवस्थित केलं. तेराव्याची यादी, पाहुण्यांच्या गाद्या, परत करायची भांडी. लोक म्हणाले, किती खंबीर आहेत. तसं काही नव्हतं. मला काही वाटतच नव्हतं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, जसं होतं तसं सांगते आहे. दात काढल्यावर गालाला बोट लावलं की बोटाला गाल लागतो पण गालाला बोट लागत नाही, तसं. जेवण व्हायचं, झोप व्हायची, तुमचा फोन आला की मी हसायची. फक्त एक गोष्ट डोक्यात राहिली होती, ती छत्री. ते पुस्तक सापडायला हवं, एवढंच. सापडून काय करणार होते ते मला सांगता येत नाही. सांगायची राहिली होती ती गोष्ट, पण आता ती ऐकणार कोण.

आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहतात. बिलासपूरच्या, हिंदी बोलतात, माझ्याएवढ्याच प्रेमकथा वाचतात आणि ते लपवत नाहीत. साक्षरता वर्ग चालवणाऱ्या एका महिला मंडळात त्या काम करतात. मंडळानं ठरवलं, शहरात प्रेमकथा वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या जेवढ्या असतील तेवढ्यांना एकत्र बोलवायचं. वाचकांनी जुनी पुस्तकं आणायची, लेखकांनी येऊन गप्पा मारायच्या, पुस्तकविक्रीतून येईल ते वर्गांना. वर्गातल्या बायकाही येणार. मी नाही म्हणाले. छत्रीचं मात्र मी त्यांना आधीच सांगितलेलं होतं.

"आप आओ तो सही," त्या म्हणाल्या. "पूरे शहर की प्रेम-कहानियाँ एक हॉल में होंगी. आपका छाता वहाँ नहीं मिला तो कहीं नहीं मिलेगा."

म्हणून गेले.

हॉल आमच्याच कॉलनीत, लग्नाचा. मागे कालच्या लग्नाचं कापड अजून लटकत होतं, गुलाबी आणि सोनेरी, आणि मंडळानं ते तसंच ठेवलं होतं, कार्यक्रमाला शोभतं म्हणून. एका बाजूला पुस्तकांची लांब टेबलं. दुसऱ्या बाजूला गोल टेबलं, प्रत्येकावर एक लेखक. घंटी वाजली की वाचकांनी उठून पुढच्या टेबलावर जायचं. सगळ्या बायकाच होत्या. पुरुष दोन, एक लेखक आणि एक माइकवाला, आणि माइकवाल्याकडे जास्त लोक बघत होते कारण माइक शिट्टी मारत होता.

मी आधी पुस्तकांकडे गेले. पद्धतीनं, डावीकडून सुरुवात करून, एकेक पुस्तक उलटं करून मागचा कोपरा पाहत. शेजारी उभी असलेली एक बाई म्हणाली, "आंटी, कीमत आगे लिखी है." मी म्हणाले, मला किंमत नको आहे.

त्या लायब्ररीची बरीच पुस्तकं तिथे होती. कुणाकुणाच्या घरून आलेली. गोल केलेले आकडे दिसले, टिंबं दिसली. त्या बायका कोण होत्या हे मला तेव्हाही माहीत नव्हतं. एका पुस्तकात माझी फुली सापडली. समुद्राकाठचं मोठं घर, तिथे आलेली मास्तरीण, आणि एक तुसडा डॉक्टर. ती नोकरी सोडून आपली पेटी घेऊन स्टेशनवर जाते, गाडीची वाट बघत बाकावर बसते, आणि तिथे पुस्तक संपतं, कारण पुढची पानं नव्हती. मी पुढून मागून चाळलं. थंडी होती, धुकं होतं, वारा होता. छत्री कुठेच नव्हती. ठेवून दिलं.

मग घंटी वाजली आणि खालच्या बाईंनी मला हात धरून एका टेबलाशी नेलं. तिथली लेखिका भिलाईची, तिशीची असेल. ती मोबाइलवर रोज एक भाग अशी कथा लिहिते. छापलेलं पुस्तक एकही नाही, पण आमच्या टेबलावरच्या निम्म्या बायका तिला ओळखत होत्या आणि कालच्या भागात तिनं नायकाला अपघात का घडवला म्हणून तिच्यावर रागावल्या होत्या.

"अरे, मरेगा नहीं," ती म्हणत होती. "मैंने कब कहा मरेगा?"

"तो बेहोश भी क्यों किया? त्योहार के टाइम पे?"

खालच्या बाईंनी माझी ओळख करून दिली. म्हणाल्या, यांना एक गोष्ट शोधायची आहे. मी सांगितलं. जुनं इंग्रजी पुस्तक असावं, छत्री आहे, बाकी काही आठवत नाही.

"छाता कहाँ आता है, आंटी? शुरू में या एंड में?"

"माहीत नाही."

"हीरो क्या करता है?"

"तेही आठवत नाही."

"बारिश में मिलते होंगे," एक बाई म्हणाली. "छाता है तो बारिश होगी ही." दुसरी म्हणाली तिच्या एका पुस्तकात छत्री होती, पण ती खुनाची होती. त्यावर सगळ्या हसल्या. लेखिका भली होती. तिनं मोबाइल काढून शोधून पाहिलं. छत्रीच्या इतक्या प्रेमकथा निघाल्या की तिनं मोबाइल उपडा ठेवला.

त्या टेबलावर साक्षरता वर्गातली एक बाई बसली होती. पन्नाशीची, अंगानं भरलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत बांगड्यांनी भरलेले, कारण गुढियारीच्या बाजारात तिचं बांगड्यांचं दुकान आहे आणि हात म्हणजे तिची जाहिरात. आल्यापासून ती लेखिकेला प्रश्न विचारून हैराण करत होती. तुझी नायिका काम-धंदा काय करते. कमावत नाही तर मोबाइलचं रिचार्ज कोण करतं. लेखिका म्हणाली, हीरो करता है. "फिर तो वो फँस गई," ती म्हणाली आणि समोसा उचलला.

माझं बोलणं संपल्यावर तिनं माझ्याकडे वळून पाहिलं.

"छाते वाली?" ती म्हणाली. "टेसन वाली? लड़की गाड़ी का रस्ता देख रही है, बहुत घाम है, डॉक्टर आता है?"

घाम म्हणजे छत्तीसगढीत ऊन. मी म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगितली?"

"मराठी दाई ने." दाई म्हणजे आई. "हमारी क्लास में आती थी. अब नहीं रही बेचारी. उसकी कहानी है."

मराठी दाई म्हणजे आमच्या जाऊबाई. खालच्या बाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला. त्यांना माहीत होतं. त्या बांगडीवालीला म्हणाल्या, "ये उनकी देवरानी हैं." देवरानी म्हणजे धाकटी जाऊ.

बांगडीवालीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग टेबलावरच्या सगळ्यांना म्हणाली, "हव, तो यही है. अंग्रेजी वाली देवरानी. जो चुम्मे का पन्ना पलटा देती थी."

टेबल हसलं. लेखिका सगळ्यांत जास्त हसली. मी पण हसले असेन.

"गोष्ट सांगा," मी म्हणाले.

तिनं सांगितली. सुरुवात तिची गडबडीची होती, घर समुद्रावर की नदीवर ते तिला नक्की नव्हतं, आणि मधली दोन प्रकरणं तिनं, "फिर झगड़ा हुआ," एवढ्यात उरकली. पण शेवट तिनं नीट सांगितला, हात पुसून. मुलगी स्टेशनवर बसली आहे. ऊन असं, की रूळ हलल्यासारखे दिसताहेत. डॉक्टर लांबून चालत येतो. त्याच्या हातात तिची छत्री आहे, काळी, जी घरी खिळ्याला मोडकी लटकत होती. तो तिला थांब म्हणत नाही, जा म्हणत नाही. छत्री पुढे करतो आणि म्हणतो, काडी बसवली आहे, आता उघडते, उन्हात कशी जाशील. ती छत्री उघडून बघते. काडीला तांब्याची तार गुंडाळली आहे, बारीक, एकावर एक, मोजून घातल्यासारखी. मग गाडी येते आणि जाते, आणि दोघं एका छत्रीत परत घरी येतात.

"बस," ती म्हणाली. "बोला कुछ नहीं उसने. दाई बोलती थी, ऐसे आदमी बोलते नहीं, तार बाँधते हैं."

मी विचारलं, हे कुठल्या पुस्तकातलं ते जाऊबाई कधी बोलल्या का.

"किताब में नहीं मिलेगा आपको. किताब तो फटी थी. आखिरी वाला घर का है. दाई हँस-हँस के बताती थी, देवरानी के पन्ने खतम हो गए, तो उसने मेरा छाता देखा खूँटी पे, और जोड़ दिया. और उसको लगता है, मुझे पता नहीं चला."

तेव्हा मला आठवलं. सगळं एकदम नाही, तुकड्यातुकड्यानं. ते पुस्तक मी आधी वाचून ठेवलं नव्हतं, सांगता सांगताच वाचत होते. मास्तरीण स्टेशनवर बसली, मी पान उलटलं आणि बोटाला नुसतं कव्हर लागलं. जाऊबाईंचे हात सुपात थांबले होते. "मंग?" त्या म्हणाल्या. "काहून थांबली?" मी वर पाहिलं. समोर भिंतीला खिळ्यावर त्यांची काळी छत्री होती. तिची काडी मोडली होती आणि भासऱ्यांनी त्याच आठवड्यात ती बसवून दिली होती. ते घरात फारसं कुणाशी बोलत नसत. त्यांच्या खिशात नेहमी तारेचा एखादा तुकडा असायचा. मी छत्रीकडे बघत बघत पुढचं सांगत गेले. बाहेर मे महिना होता, म्हणून त्या इंग्लंडातल्या स्टेशनवर रायपूरचं ऊन पडलं. तार मात्र मी सांगितली नव्हती. माझ्या गोष्टीत काडी नुसतीच बसवलेली होती. तार जाऊबाईंनी घातली, नंतर कधीतरी, गुढियारीत.

म्हणजे मी जे पुस्तकांत शोधत होते ते पुस्तकांत असणारच नव्हतं. आणि जाऊबाईंनी दवाखान्यात जे मागितलं ते पुस्तकातलं नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. मला नव्हतं.

हे कळल्यावर मला काहीतरी व्हायला हवं होतं. खालच्या बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, त्यांनी पर्समधून रुमालही काढून ठेवला होता. काही झालं नाही. माझ्या हातात प्लेट होती, तिच्यात अर्धा समोसा आणि हिरव्या चटणीचा डाग. तो समोसा मी खाल्ला. तिखट होता एवढं कळलं. गेल्या कित्येक दिवसांत काही तिखट लागलं नव्हतं, हे घरी आल्यावर लक्षात आलं, तेव्हा नाही.

घंटी वाजली. कुणी उठलं नाही. बांगडीवाली म्हणाली, "अब आप शुरू वाला बताओ. दाई को शुरू का ठीक से याद नहीं रहा था. रोज बदल देती थी. कभी लड़की अनाथ, कभी उसका बाप पोस्टमास्टर."

मी म्हणाले, मला हिंदीत नीट सांगता यायचं नाही.

"मराठी में बोलो. दाई कौन-सी हिंदी बोलती थी? हम लोग समझ लेते हैं."

तर मी सांगितली. पुस्तक तासाभरापूर्वीच चाळलं होतं, म्हणून सगळं ताजं होतं. मुलीचा बाप पोस्टमास्टर नव्हता, तो बोटीवरचा कप्तान होता आणि बुडून गेला होता. समुद्र म्हटल्यावर बांगडीवालीनं विचारलं, "कितना बड़ा?" मी खारूनच्या पुराचं सांगितलं. तिनं मान हलवली. मधे एके ठिकाणी डॉक्टर आणि मास्तरीण बागेत भेटतात. तिथे माझ्या तोंडून सवयीनं आलं, "मग ते दोघं बोलत बसले."

बांगडीवालीनं लेखिकेकडे पाहिलं. लेखिकेनं तोंडावर हात ठेवला.

स्टेशन आलं तिथे मी थांबले आणि शेवट पुन्हा तिनं सांगितला, कारण तार मला जमली नसती. पहिल्यापेक्षा लांबवून सांगितला. या वेळी डॉक्टरानं घाम पुसायला रुमाल काढला. तो मघाशी नव्हता. मला तिला टोकायचं होतं. पण टोकलं नाही.

संपल्यावर लेखिका म्हणाली, "आंटी, ये मैं लिख लूँ? एक एपिसोड में आ जाएगा."

मी काही बोलायच्या आधी बांगडीवालीच म्हणाली, "लिख लो. पर डॉक्टर को बेहोश मत करना."

निघताना मी पुस्तकांच्या टेबलाकडे परत गेले. समुद्राकाठच्या घराचं ते पुस्तक मला घ्यायचं होतं. मी ज्या जागी ठेवलं होतं तिथे नव्हतं. डावीकडून पुन्हा सगळी टेबलं पाहिली. खालच्या बाई विक्रीला बसलेल्या मुलीला विचारून आल्या.

"कोई ले गई. लड़की ने बताया भी कि आखिरी पन्ने नहीं हैं. बोली, चलेगा."

मी म्हणाले, ठीक आहे.

घरी येऊन साडी बदलली, ती घडी करून ठेवली, कपाटातली पुस्तकं पुसली. मग तुमचा फोन आला आणि तुम्ही विचारलंत, आज काय केलं.

तुम्ही पुढच्या खेपेला याल तेव्हा मोठ्या आजीचं काही दाखवायला माझ्याकडे फारसं नसेल. तात्यापाऱ्याच्या खोल्यांच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. लायब्ररी नाही. छत्री भासऱ्यांच्या हयातीतच मोडीत गेली होती, तारेसकट. पुस्तक कुणी नेलं ते मला माहीत नाही. नेणारी ती स्टेशनपर्यंत वाचेल आणि तिथे थांबेल. वर्गातल्या बायकांनी मला मंगळवारी दुपारी बोलावलं आहे. बहुतेक जाईन. बसायला चटई आहे म्हणाल्या, माझ्या गुडघ्यांचं काय ते तेव्हा बघू.

शेवट तेवढा राहिला आहे. तो गुढियारीतल्या बांगडीवालीला येतो, तिच्याकडून ऐकलेल्या बायकांना येतो, आणि आता मला येतो.